इसबाच्या औषधाच्या चाचणीत जायचं असेल तर : मुंबईकरांसाठी सविस्तर माहिती

"ट्रायलमध्ये नाव लागलं की ते महागडं इंजेक्शन फुकट मिळतं ना?" त्वचारोगाच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर हा प्रश्न हमखास निघतो. मिळूही शकतं, नाहीही. आणि मिळालं तरी ठरावीक आठवड्यांपुरतंच. क्लिनिकल ट्रायलच्या कोऑर्डिनेटरचं काम मी काही वर्षं केलं. इसबाच्या चाचण्यांमधून मधेच बाहेर पडलेले लोक पाहिले, त्यातल्या बहुतेकांना औषध बाधलं नव्हतं. कुणाला जुनं मलम बंद ठेवण्याचे सुरुवातीचे दिवस सोसले नाहीत, कुणाच्या नोकरीत दर पंधरा दिवसांची खेप बसेना. शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी काही जण नंतर चिडले, कारण चाचणी संपली तसं औषधही थांबलं. हे सगळं सही करायच्या आधी विचारून घेता येतं, म्हणून इथे फॉर्म भरण्यापेक्षा त्याच गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

आधी हे इसबच आहे का?

चाचण्यांमध्ये ज्याला एटॉपिक डर्मटायटिस म्हणतात तो इसबाचा एक प्रकार आहे. बहुधा लहानपणी सुरू होतो, कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीत, मानेवर, पापण्यांवर दिसतो, रात्रीची झोप उडवतो, आणि पुष्कळदा घरात कुणाला दमा किंवा सततच्या शिंकांचा त्रास असतो. सिमेंट, डिटर्जंट किंवा एखाद्या रसायनाने होणारा हाताचा इसब वेगळा, पायाच्या शिरा फुगल्यामुळे घोट्याजवळ होणारा आणखी वेगळा. प्रत्येक चाचणी यातला एकच प्रकार घेते. त्यामुळे "मला इसब आहे" एवढ्यावर भागत नाही.

मुंबईत दुसरी एक भानगड असते. इथल्या घामात आणि पावसाळ्यातल्या अर्धवट वाळलेल्या कपड्यांत गजकर्ण भरपूर. माणूस केमिस्टकडे जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतो, आणि हातात येते ती क्लोबेटासॉलसारखं जबरदस्त स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेली ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते. खाली बुरशी पसरत राहते आणि तिचं रूप इतकं बदलतं की सरावलेल्या डॉक्टरलाही इसब वाटावा. स्टिरॉइडची अनेक मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी कुठल्याही स्टेशनबाहेरच्या दुकानात विचारून बघा.

म्हणून पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञाकडून लेखी निदान. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही महापालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जेजे, या सगळीकडे स्किनची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. गजकर्णाची शंका असेल तर त्वचा थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, वेळ लागत नाही.

जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि वापरलेल्या ट्यूबांचे फोटो न्या, औषधाचं नाव दिसेल असे. बऱ्याच चाचण्या आजार कमीत कमी वर्षभर जुना असल्याचा आणि साध्या मलमांनी आवरला नसल्याचा पुरावा मागतात. केसपेपर हरवला म्हणून एरवी अगदी योग्य असलेला रुग्ण बाद झालेला मी पाहिला आहे.

याच टप्प्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: आत्ताचे उपचार नीट करून झालेत का? मॉइश्चरायझर आणि अधूनमधून लावलेलं मलम यांवर आजार आटोक्यात असेल, तर चाचणीच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. आजार मोठा असेल पण मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन यांसारख्या जुन्या औषधांचा विषयच निघाला नसेल, तर आधी तो काढा. त्यांना रक्ततपासणीची सोबत लागते, पण त्यांचे गुणदोष डॉक्टरांना तोंडपाठ आहेत.

चाचणी शोधायची कुठे

भारतात चाललेल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, बोलण्यात सीटीआरआय. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या संस्थेकडून ती २००७ पासून चालते. औषधांच्या चाचण्यांना इथली नोंद २००९ पासून सक्तीची आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. वेबसाइट सर्वांना खुली, पैसे लागत नाहीत. माहिती इंग्रजीत आहे, तेव्हा घरातल्या कॉलेजकुमाराला शेजारी बसवा. शोधताना ‘एक्झिमा’ आणि ‘एटॉपिक डर्मटायटिस’ दोन्ही शब्द टाका. एकानेच शोधलं तर बऱ्याच नोंदी हुकतात.

प्रत्येक नोंदीचं पान लांबलचक असतं. मी ते वरून खाली वाचत नाही. आधी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ बघते. भारतासाठी आणि जगासाठी ते वेगवेगळं लिहिलेलं असतं. आपल्या कामाचं भारताचं. तिथे ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे. मग स्थळांच्या यादीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई आहे का. मग एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित जपण्यासाठी चाचणी तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आली की अजून यायची आहे. मग दिल्लीच्या औषध महानियंत्रकांची, म्हणजे डीसीजीआयची परवानगी. शेवटी वय आणि आजाराच्या अटी. ‘पब्लिक क्वेरी’साठी दिलेला संपर्क असतो, फोन तिथे करायचा.

डीसीजीआयच्या रकान्यात ‘लागू नाही’ दिसलं म्हणून लगेच बिचकू नका. इसबावरच्या नोंदींत एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पुष्कळ असतात, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचेही. बाजारात आधीच असलेल्या औषधाचा नवा उपयोग कंपनीशिवाय, निव्वळ अभ्यासासाठी तपासला जात असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. पण अगदी नवं औषध आणि परवानगीचा रकाना रिकामा, असं दिसलं तर तिथून निघा.

मोठी सरकारी रुग्णालयं सोडूनही चाचण्या चालतात. ज्या दवाखान्याला स्वतःची एथिक्स कमिटी नाही त्याला त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या नोंदणीकृत कमिटीची मंजुरी घेता येते. त्यामुळे बोरिवलीच्या दवाखान्यातल्या चाचणीच्या कागदावर दादरच्या कमिटीचं नाव दिसलं तर त्यात वावगं काही नाही.

आणि एजंट. "एका रात्रीचे इतके हजार" असं सांगून पोरांना नेणारे लोक असतात. तो प्रकार वेगळा: निरोगी माणसांवरचे जैवसमतुल्यतेचे अभ्यास, म्हणजे एका कंपनीचं औषध दुसरीच्या औषधासारखंच रक्तात उतरतं का हे बघणारे. त्यांत मोबदला देतात आणि ते कायदेशीरही असू शकतात, पण इसबाच्या रुग्णाचं तिथे काही काम नाही. इसबाच्या चाचणीत नाव घालायला कुणी पैसे मागत असेल तर तो सरळसरळ फसवतो आहे.

पहिला फोन

फोन बहुधा कोऑर्डिनेटर उचलते. वय, आजार किती वर्षांचा, शेवटचं मलम कधी लावलं, टीबी झाला होता का, बाळंतपणाचा विचार आहे का, इतकं ती विचारेल. तुम्ही तीन गोष्टी विचारा: एकूण किती आठवडे, किती खेपा, आणि खेप सकाळी उपाशीपोटी असते का. गोळ्यांच्या काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल वारंवार बघतात, त्यासाठी उपाशी यावं लागतं. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून परळला उपाशी पोचणं एकदा जमतं. चार-पाच महिने जमेल का, ते घरच्यांशी बोलून ठरवा.

संमतीपत्र : इथे घाई नको

माहितीपत्रक आणि संमतीपत्र मिळून वीसेक पानांचा गठ्ठा हातात येतो. तो मराठीत मागा. मंजूर झालेल्या मराठी प्रतीच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापलेली असते. भाषा मात्र बहुतेक वेळा खडबडीत असते, वाचून डोकं दुखतं. नाही कळलं तर "साध्या भाषेत सांगा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि गठ्ठा घरी नेऊन दोन दिवस वाचायचाही. "आजच सही केली तर बरं, जागा संपताहेत" असं कुणी म्हणालं तर उद्याच या.

एकदा एक काकू मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा पंचविशीतला, मानेपासून मनगटापर्यंत लाल, लस येणारे चट्टे. त्याने गठ्ठा उघडलाही नाही. "ताई, कुठे कुठे सही ते सांगा." काकूंनी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मला विचारलं, "यातल्या काही जणांना नुसतं खोटं औषध देणार म्हणता. माझ्या पोराच्या वाट्याला तेच आलं तर सोळा आठवडे त्याने नुसतं खाजवत बसायचं का?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर प्रत्येक चाचणीत वेगळं, म्हणून तुम्हीही विचाराच. नव्या औषधाची तुलना बहुधा प्लासिबोशी करतात: इंजेक्शन असेल तर औषधाविना द्रावण, मलम असेल तर नुसता बेस. कुणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरलाही कळत नाही, कोऑर्डिनेटरलाही नाही. "ताई, मला खरं मिळेल असं बघा ना" ही विनंती मनापासूनची असते, पण ती कुणाच्याच हातात नसते. विचारायचं असतं ते असं: खऱ्या औषधाची शक्यता किती, निम्मी की तीनात दोन? त्रास वाढला तर ‘रेस्क्यू’ म्हणून कोणतं मलम चालेल आणि ते घेतलं तर मला चाचणीतून काढणार का? काही चाचण्यांत सोळा आठवड्यांनंतर सगळ्यांनाच खरं औषध मिळतं. तसं इथे आहे का?

संमतीपत्रावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव विचारतात. लोक दचकतात. हे रकाने नियमातच आहेत; काही बरंवाईट झालं तर नुकसानभरपाई कुणाला द्यायची यासाठी वारसदार लागतो. नाव पूर्ण आणि आधारवर आहे तसं लिहा. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सगळं ऐकायला हजर असला पाहिजे. अगदी नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्णपणे नव्या औषधाच्या चाचणीत, दुर्बल गटातल्या रुग्णाची संमती घेताना व्हिडिओ चित्रण करतात. कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्याच बाजूने आहे. सही झाली की माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. "नंतर देतो" चालत नाही.

त्या गठ्ठ्यात एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो मोबाइलमध्ये सेव्ह करा. कमिटीत कमीत कमी सात जण असतात, त्यांतले निम्मे त्या संस्थेबाहेरचे; कायदा जाणणारी एक व्यक्ती आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य माणूसही असतो. डॉक्टरांशी पटेनासं झालं तर दाद मागायची जागा तीच. त्यापुढची पायरी केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेचं पश्चिम विभागाचं कार्यालय. ते मुंबई सेंट्रलला बेलासिस रोडवर आहे.

तपासण्या आणि आकडे

सही झाल्यावर स्क्रीनिंग. रक्त, लघवी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, बायकांसाठी गर्भचाचणी. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध असेल तर टीबीसाठी रक्ताची वेगळी तपासणी. मुंबईत कितीतरी लोकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात, आजार नसतो. त्यामुळे ही तपासणी पॉझिटिव्ह येऊन बाद होणं इथे नवलाचं नाही. लहानपणीच्या बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. तसा रिपोर्ट आला तर घाबरून न जाता छातीच्या डॉक्टरांना दाखवा. चाचणी हुकली तरी हे कळलं ते बरंच.

मग डॉक्टर अंग तपासून गुण देतात. डोकं-मान, हात, धड आणि पाय अशा चार भागांत लाली, जाडी, ओरखडे आणि जुनाट खरबरीतपणा मोजून ‘ईएएसआय’ नावाचा आकडा काढतात, शून्य ते ७२. किती अंग व्यापलंय ते तुमच्या स्वतःच्या तळहाताने मोजतात. बोटांसकट एक तळहात म्हणजे साधारण एक टक्का. मध्यम ते तीव्र आजाराच्या चाचण्यांत बहुधा ईएएसआय १६ किंवा जास्त आणि निदान दहा टक्के अंग लागतं. खाजेला तुम्ही स्वतः शून्य ते दहा गुण देता. इथे खरं तेच सांगा. आत जाण्यासाठी फुगवलेला आकडा पुढच्या भेटीला खाली आला की औषध न घेताच ‘गुण’ आल्यासारखं दिसतं, आणि मग त्या अभ्यासाला काही अर्थ उरत नाही.

जुनं औषध बंद : सगळ्यात जड आठवडे

नव्या औषधाचा गुण नीट दिसावा म्हणून जुनं शरीरातून जाऊ देतात. स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमसचं मलम साधारण एक-दोन आठवडे बंद. पोटात घेण्याची स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट किंवा लाइटचे उपचार असतील तर बहुधा चार आठवडे. डुपिलुमॅबसारखं इंजेक्शन झालं असेल तर त्याहून बरंच जास्त. नेमके दिवस त्या त्या चाचणीच्या कागदात असतात.

एक नियम पक्का ध्यानात ठेवा: संमतीपत्रावर सही होण्याआधी कुणीही तुम्हाला चाचणीसाठी औषध बंद करायला सांगू शकत नाही. "आधी मलम बंद करून या, मग बघू" असं फोनवर सांगितलं तर ते चूक आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या स्वतःहून एकदम थांबवणं धोक्याचंच. वैदूने दिलेल्या बिननावाच्या पुडीतही बरेचदा स्टिरॉइड असतं, तेव्हा तीही डॉक्टरांना दाखवा.

या दिवसांत आजार उसळतो. आधी माहीत असेल तर निभावता येतो. बहुतेक चाचण्यांत साधं, वासाचं नसलेलं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावायला परवानगी असते, किंबहुना सक्तीच. आंघोळ कोमट पाण्याने, आटोपशीर, आणि अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर. नखं बारीक. सुती, सैल कपडे. रात्री खाज असह्य झाली तर ओला, गार सुती फडका. झोप आणणारी खाजेची गोळी चालते का ते विचारून घ्या, काही चाचण्यांत चालते, काहींत नाही.

आपल्याकडे घरगुती उपाय औषधांत धरतच नाहीत. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, खोबरेल तेल, शेजारच्या आजींनी दिलेला लेप, यांतलं काहीही लावलं तर त्याची नोंद व्हायला हवी. लावून लपवण्यापेक्षा लावण्याआधी विचारणं सोपं.

तारीख निवडायची मुभा असेल तर वापरा. ऑक्टोबरच्या उकाड्यात, परीक्षेच्या तोंडावर, घरात लग्न असताना हे आठवडे घेऊ नका. गणपतीला कोकणात जायचं असेल तर आधीच कोऑर्डिनेटरला सांगा: भेटीच्या तारखेला बहुधा दोन-तीन दिवस मागेपुढे चालतं, आठवडाभर नाही. इंजेक्शन घरी टोचायचं असेल तर ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे एसटीच्या प्रवासात थर्मासची पेटी आणि गावी भरवशाचा फ्रिज.

पिवळ्या खपल्या, पू, ताप आला तर भेटीची वाट बघू नका. चट्ट्यांवर एकसारख्या आकाराचे दुखरे फोड एकदम उठले आणि अंगात ताप असला तर तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र झाली असली तरी.

चाचणी चालू असताना

औषध मिळालं की कामाला शिस्त येते. मलमाची चाचणी असेल तर ट्यूब देताना काट्यावर ठेवून वजन लिहितात आणि परत आणली की पुन्हा वजन करतात. कोऑर्डिनेटर ग्रॅममधला फरक बघून ओळखते की तुम्ही रोज लावलं की भेटीच्या आदल्या रात्री अर्धी ट्यूब बेसिनमध्ये पिळली. असे पिळणारे असतात, म्हणून सांगते. रिकामी ट्यूबही फेकू नका, मोलकरणीला तसं सांगून ठेवा. प्रमाण बोटाच्या पेरावर मोजतात: प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल इतकं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

खाजेची रोजनिशी कागदावर किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये भरायची असते, रोज रात्री. चार दिवसांचं एकदम आठवून भरलेलं ॲप पकडतं. चट्ट्यांचे फोटो काढतात. चेहऱ्याचे काढणार असतील तर डोळे झाकणार का, फोटो कुठे वापरणार, हे संमतीपत्रात बघा.

आपल्याला प्लासिबो मिळालंय का याचा अंदाज बांधत बसू नका. नुसत्या बेसच्या मलमानेही कोरडी त्वचा मऊ होते आणि बरं वाटतं, त्यामुळे बरं वाटलं म्हणून खरं औषध असं नाही. दुसऱ्या दवाखान्यात दात काढायला जा नाहीतर तापाला जा, चाचणीचं कार्ड खिशात ठेवा आणि तिथल्या डॉक्टरला दाखवा. कुठलीही लस घेण्याआधी विचारा. प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांबरोबर जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत.

दुष्परिणाम औषधागणिक वेगळे. डुपिलुमॅबने काहींचे डोळे लाल होतात, चुरचुरतात. उपाडासिटिनिबसारख्या जॅक गटाच्या गोळ्यांनी पुरळ, नागीण वगैरे होऊ शकतं, आणि त्या गटावर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ पासून कडक इशारा छापायला लावला आहे. तुमचं वय, सिगारेट, घरातला हृदयविकार यांचा विचार इथे येतो. कुठल्याही कारणाने रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, अगदी डेंगीने सुद्धा, तर त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला फोन करा. अशा गंभीर घटनेची खबर डॉक्टरांना २४ तासांत वर द्यावी लागते.

पैशाचं काय

चाचणीचं औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी यांसाठी एथिक्स कमिटीने मंजूर केलेली रक्कम दर खेपेला मिळते. ती किती आणि कधी मिळणार ते कागदात बघा. रोजंदारीवरच्या माणसासाठी दर खेपेला हातात मिळणं आणि शेवटी एकदम खात्यात येणं यांत फार फरक आहे.

इजा झाली तर २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे उपचार मोफत मिळतात, ती इजा चाचणीमुळे झाली नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर. चाचणीमुळेच मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर नुकसानभरपाई वेगळी. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: ८ लाख रुपये ही पायाभूत रक्कम धरून वय आणि आधीच्या आजाराची जोखीम यांनुसार ती कमीजास्त होते. नुसतं औषधाच्या दुष्परिणामाने झालेलंच नव्हे, चाचणीतल्या एखाद्या प्रक्रियेने किंवा नियम मोडल्याने झालेलंही यात येतं. स्वतःच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. सिद्ध न झालेले उपचार बहुतेक पॉलिसी वगळतात.

लहान मुलं

मुलाच्या वतीने आई किंवा वडील सही करतात, पण सात वर्षांपुढच्या मुलाला त्याला कळेल असं सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो. बारा वर्षांपुढे लेखी. "इंजेक्शन नको" म्हणून रडणाऱ्या मुलाला चॉकलेट दाखवून तयार करणं म्हणजे होकार नव्हे. शाळेची दांडी आणि रक्त काढण्याच्या खेपा आधी मोजून घ्या.

बाहेर पडणं आणि नंतरचे दिवस

चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे त्या रुग्णालयातले तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. फक्त न सांगता गायब होऊ नका. शेवटची एक तपासणी तुमच्याच सुरक्षिततेसाठी असते.

चाचणी पूर्ण झाल्यावरही औषध मिळत राहील का? नियमात तशी सोय आहे, पण अटींसकट: औषधाचा गुण आलेला हवा, दुसरा पर्यायी उपचार नसावा, डॉक्टरांनी शिफारस आणि एथिक्स कमिटीने मंजुरी द्यायला हवी. इसबाला पर्याय आहेत. त्यामुळे ही सोय तुम्हाला लागू होईल असं धरून चालू नका. काही कंपन्या पुढचा दीर्घ अभ्यास ठेवतात आणि त्यात औषध चालू राहतं. तो या चाचणीला जोडलेला आहे का, हे सही करतानाच विचारायचं.

नसेल तर शेवटच्या भेटीच्या महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्या. औषध थांबल्यावर आजार परत उसळू शकतो आणि तेव्हा हाताशी ठरलेलं मलम, गोळी आणि बेत असायला हवा. खोट्या औषधाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या काकूंनी मुलाच्या शेवटच्या भेटीला जुन्या ओपीडीची तारीख लिहिलेला केसपेपरही आणला होता.

निघताना चाचणीतल्या रक्ततपासण्यांच्या प्रती मागून घ्या, पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतात. तुम्हाला खरं औषध मिळालं की प्लासिबो, हे सगळ्यांचं काम संपून निकाल उघडल्यावर कळतं. त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. ते कळवावं अशी लेखी विनंती करून ठेवा, आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.